विश्लेषण : एकाच पिंजऱ्यातील डेगू एकमेकांच्या जिवावर का उठतात? वेगळे करावे की थांबावे?

चिलीच्या माळावर हरलेला डेगू पळून जातो आणि भांडण संपते. पिंजऱ्यात त्याला पळायला वाट नसते. त्यामुळे 'यातला वाईट कोण?' हे विचारण्याआधी पिंजऱ्याकडे पाहायला हवे.

काल रात्रीपर्यंत एकमेकांच्या अंगावर अंग टाकून झोपणारे दोन डेगू सकाळी पिंजऱ्यात गोल गोल लोळत एकमेकांना चावत असतात. लाकडी भुशावर रक्ताचे ठिपके, एकाच्या शेपटीचे टोक गेलेले आणि पिंजऱ्यासमोर उभे असलेले घरातले मूल रडवेले. 'यातला वाईट कोण?' हा अशा घरातला पहिला प्रश्न असतो. 'आता दुसरा पिंजरा आणायचा का?' हा दुसरा. दोन्ही प्रश्न समजण्यासारखे आहेत. पण त्यांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो बहुतेक वेळा कोणी विचारत नाही : हरलेल्या डेगूला या पिंजऱ्यात पळून जायला जागा होती का?

डेगू हा प्राणी युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये अनेक घरांत पाळला जातो. भारतात हॅमस्टर किंवा गिनीपिग जितके ओळखीचे, तितका तो नाही. मात्र परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले जेव्हा 'छोटासा काहीतरी प्राणी आणूया' असा हट्ट धरतात, तेव्हा तिथल्या दुकानात समोर येणाऱ्या प्राण्यांत डेगूही असतो. शिवाय त्याच्या भांडणातून मिळणारा धडा मुंबई-पुण्यातल्या पिंजऱ्यांनाही लागू पडतो. तो कसा, ते पाहूया.

डेगू हा नेमका कोणता प्राणी?

दक्षिण अमेरिकेतील चिली हा डेगूचा मूळ देश. मध्य चिलीतील झुडपी माळरान आणि अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील उतार हे त्याचे घर. दिसायला मोठ्या उंदरासारखा वाटला, तरी नात्याने तो गिनीपिग आणि चिंचिला यांना जवळचा. वजन साधारण १७० ते ३०० ग्रॅम, शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका आणि प्रकृती उत्तम असेल तर दात चक्क नारिंगी. चिलीचे धर्मगुरू आणि निसर्ग अभ्यासक हुआन इग्नासियो मोलिना यांनी १७८२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावातील 'ऑक्टोडॉन' हा शब्द दाढांवरून आला आहे. दाढेचा पृष्ठभाग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन. एक, डेगू दिवसा जागा असतो, त्यामुळे त्याचे सगळे व्यवहार माणसाच्या डोळ्यांसमोर चालतात. दुसरी, तो एकट्याने जगणारा प्राणी नाही. रानात तो गटाने राहतो. साधारण दोन ते पाच माद्या आणि एखाद-दोन नर असा एका बिळाचा संसार असतो. माद्या मिळून पिल्ले वाढवतात आणि एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात. बिळे खणण्याचे कामही एकत्र चालते. डेगू एका ओळीत उभे राहून पुढच्याने उकरलेली माती मागे ढकलत नेतात. चिलीतील लुईस एबेन्सपर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेगूंच्या या समूहजीवनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे.

म्हणूनच डेगू एकटा ठेवू नये, असा सल्ला जाणकार देतात. आणि या सल्ल्यातूनच पुढचा पेच उभा राहतो. एकटा ठेवला तर तो खंगतो, दुकटा ठेवला तर कधी कधी जिवावर उठतो.

रानात भांडण कसे मिटते?

रानातले डेगू भांडत नाहीत, असे अजिबात नाही. विणीच्या हंगामात, म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा सुरू होताना, नर एकमेकांवर तुटून पडतात. गटही कायमचे नसतात. कोल्हा, घुबड, ससाणा यांच्या तावडीत अनेक डेगू सापडतात, काही दुसऱ्या गटात जातात, नवे येतात. दर वर्षी गटाची मांडणी बदलते आणि प्रत्येक बदलाबरोबर 'आता वरचढ कोण' हा प्रश्न पुन्हा निघतो.

पण त्या भांडणाला शेवट असतो. हरलेला डेगू धूम ठोकतो, बिळाच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतो, झुडपाआड जातो, गरज पडली तर दुसरा गट शोधतो. जिंकलेल्यालाही त्याचा फार पाठलाग करून चालत नाही. उघड्यावर जास्त वेळ राहणे म्हणजे ससाण्याला आमंत्रण. थोडक्यात, भांडण मिटण्याची यंत्रणा डेगूंच्या स्वभावात जेवढी आहे, तेवढीच त्या जागेतही आहे.

पिंजऱ्यात यातले स्वभाव तेवढे येतात, जागा येत नाही. हरलेला डेगू पळतो आणि अर्ध्या मीटरवर जाळीला धडकतो. जिंकलेल्याच्या नजरेतून तो दूर गेलेलाच नसतो. त्याने शरणागती पत्करली, तरी ती शरणागती दिसावी कशी? मग दुसरा हल्ला होतो, तिसरा होतो. माणसाला वाटते की हा डेगू क्रूर आहे. प्रत्यक्षात भांडण संपवण्यासाठी लागणारे अंतरच तिथे नसते.

प्रत्येक झटापट धोक्याची असते का?

नाही, आणि इथेच बहुतेक मालकांची गफलत होते. डेगू हा गोंगाट करणारा प्राणी आहे. त्याच्याकडे वेगवेगळ्या प्रसंगांसाठी वेगवेगळे आवाज आहेत. मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या पायांनी एकमेकांना ढकलणे, पार्श्वभागाने धक्का देणे, मागच्या पायाने लाथ मारणे, एकाने दुसऱ्यावर चढणे, जागेवर मूत्र सोडून खूण करणे, दुसऱ्याच्या तोंडचा दाणा पळवणे, हे सगळे रोजचे आहे. खालच्या क्रमांकाचा डेगू किंचाळून 'मला सोड' असे सांगतो, वरचा सोडतो आणि अर्ध्या तासाने दोघे एकाच घरट्यात झोपलेले असतात. क्रमवारी ठरवण्याची ही पद्धत आहे. तिच्यात हात घातला, तर ठरत आलेली क्रमवारी पुन्हा मोडते.

धोक्याची चिन्हे वेगळी असतात. अंगावरचे केस फुलवून, शेपूट जोरजोरात हलवत, दात कटकटवत एक डेगू दुसऱ्याच्या मागे लागतो आणि दुसरा लपला तरी थांबत नाही. दोघे एकमेकांना चावत चेंडूसारखे गुंडाळले जातात. एकाला अन्नापाशी, पाण्यापाशी किंवा घरट्यात येऊच दिले जात नाही. तो कोपऱ्यात बसून राहतो, त्याचे वजन घटू लागते, पाठीवरचे किंवा शेपटीजवळचे केस विरळ होतात. आणि सर्वात स्पष्ट चिन्ह म्हणजे रक्त.

यातून एक साधा नियम निघतो. आवाजावरून निर्णय घेऊ नये. दोन गोष्टी पाहाव्यात : रक्त आले का आणि रात्री दोघे एकत्र झोपले का. रक्त नाही आणि झोप एकत्र, तर थांबावे. रक्त नाही, पण झोप वेगळी आणि एकाचे वजन घटतेय, तर पिंजऱ्यात बदल करावा. खोल जखम झाली असेल, तर त्याच क्षणी वेगळे करावे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा प्रत्येक डेगूचे वजन करून वहीत लिहून ठेवणे, ही सवय कोणत्याही महागड्या खेळण्यापेक्षा उपयोगी आहे. दबलेला डेगू ओरडत नाही. त्याचे वजन आधी बोलते.

शांत जोडी अचानक का बिघडते?

कारणे बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक माणसाच्या हातून घडलेली असतात.

पहिले कारण वय. लहानपणी एकत्र खेळणारे भाऊ वयात आले की क्रमवारी नव्याने मांडतात. त्याच खोलीत मादी असेल, दुसऱ्या पिंजऱ्यात का होईना, तर तिच्या वासाने नरांमधील तणाव वाढतो.

दुसरे कारण नवा पाहुणा. अनोळखी डेगूला थेट जुन्या डेगूच्या पिंजऱ्यात सोडणे, ही सर्वात सामान्य आणि सर्वात घातक चूक. जुन्याच्या दृष्टीने तो घुसखोर असतो, आणि घुसखोराला बाहेर जायला वाट नसते.

तिसरे कारण वाचून आश्चर्य वाटेल : अति स्वच्छता. डेगू आपल्या जागेवर मूत्राने खुणा करतो. डेगूच्या डोळ्यांना अतिनील प्रकाश दिसतो आणि त्याचे ताजे मूत्र तो प्रकाश परावर्तित करते, असे संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे पिंजरा हा त्याच्यासाठी पाट्या लावलेला मोहल्ला असतो. मालक रविवारी सगळा पिंजरा फिनेलने धुऊन काढतो, तेव्हा सगळ्या पाट्या एकदम पुसल्या जातात. कोणाची जागा कोणती, हे पुन्हा ठरवावे लागते. एक डेगू दवाखान्यातून औषधाच्या वासासह परत आला, तरी असेच घडू शकते.

चौथे कारण आजार. दात वाढून टोचत असतील किंवा डोळ्यांत मोतीबिंदू झाला असेल, तर डेगू चिडचिडा होतो किंवा कमजोर दिसल्याने दुसऱ्याचे लक्ष्य बनतो. साखर पचवण्याची डेगूची क्षमता फार कमी असते आणि त्याला मधुमेह सहज होतो. मोतीबिंदू त्यातूनही येतो. लाडाने दिलेले मनुके किंवा केळ्याचा तुकडा दुहेरी नुकसान करतो. त्यावरून भांडण होते आणि जो जिंकतो तो आजारी पडतो.

पाचवे कारण टंचाई. एकच घरटे, एकच चाक, एकच पाण्याची बाटली, एकच वाडगा. घरातल्या एकुलत्या एका नळावर चाळीत काय होत असे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

भांडण जुंपले, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे?

उघडा हात पिंजऱ्यात घालू नये. भांडणाच्या भरात डेगू हात ओळखत नाही आणि त्याचा चावा खोल जातो. जाड टॉवेल दोघांवर टाकावा किंवा पुठ्ठा, सुपली असे काहीतरी दोघांच्या मध्ये सरकवावे. मग टॉवेलमध्ये धरूनच एकाला दुसऱ्या डब्यात किंवा पिंजऱ्यात न्यावे.

शेपटीला धरून कधीही उचलू नये. शत्रूने शेपूट पकडली तर कातडी सोडून पळायचे, ही डेगूची निसर्गाने दिलेली युक्ती आहे. कातडी निघते, आतले हाड उघडे पडते, सुकून गळते आणि शेपूट पुन्हा वाढत नाही. भांडणातही असे होते. ते पाहून घाबरायला होते, पण डेगू बहुधा त्यातून सावरतो. पशुवैद्यकाला दाखवणे मात्र आवश्यक.

लहान दिसणारी जखम मोठ्या जखमेपेक्षा फसवी असते. डेगूचे दात अरुंद आणि लांब. वरचे छिद्र एका दिवसात मिटते आणि आत पू साठून गळू होते. त्यामुळे दोघांचेही अंग, विशेषतः पार्श्वभाग, शेपटीचे मूळ, कान आणि नाक, नीट तपासावे. जखम सलाईनच्या निर्जंतुक पाण्याने पुसावी. माणसांची वेदनाशामक गोळी किंवा मलम स्वतःच्या मनाने वापरू नये. पुढचे दोन-तीन दिवस सूज येते का, खाणे कमी होते का, याकडे लक्ष ठेवावे.

मग कायमचे वेगळे केले तर काय बिघडले?

इथे मतभेद सुरू होतात. एक बाजू म्हणते, एकदा रक्त आले की विषय संपला. दुसरी बाजू म्हणते, डेगू आहेत, आपापसात मिटवतील. दोन्ही भूमिका माणसाच्या सोयीच्या आहेत. पहिलीत मालकाला पुन्हा रक्त पाहावे लागत नाही. दुसरीत त्याला काही करावे लागत नाही.

दुसऱ्या भूमिकेची किंमत सरळ आहे : डेगू मरू शकतो. पहिलीची किंमत मात्र डोळ्यांना दिसत नाही. पाळीव डेगू पाच ते आठ वर्षे जगतो. दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून झोपणाऱ्या, दुसऱ्याचे केस साफ करणाऱ्या, दिवसभर आवाजातून बोलणाऱ्या प्राण्याला एका सकाळच्या भांडणासाठी इतकी वर्षे एकांतवासाची शिक्षा देणे, हा तोडगा म्हणता येणार नाही. मालक त्याच्याशी रोज तासभर खेळला, तरी उरलेल्या तेवीस तासांचे काय?

कायद्यानेही हा पेच ओळखला आहे. ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात पाळीव प्राण्याच्या गरजांची यादी आहे. योग्य जागा, योग्य आहार यांच्याबरोबर त्यात आणखी एक गरज नोंदवली आहे : प्राण्याला इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळे ठेवण्याची त्याची गरज. 'सोबत किंवा वेगळे' या शब्दांत सगळे सार आहे. सोबत ही गरज आहे आणि अंतर हीसुद्धा गरज आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासूनच्या नियमांनुसार गिनीपिगसारख्या समूहप्रिय प्राण्याला एकटे ठेवता येत नाही. या देशांनी सोबत हा प्राण्याच्या लाडाचा भाग मानला नाही, मालकाची जबाबदारी मानली.

म्हणून गंभीर भांडणानंतर वेगळे करणे हा उपचाराचा पहिला टप्पा असावा, शेवटचा नव्हे. आणि या टप्प्यात दुरुस्त करायची पहिली वस्तू म्हणजे पिंजरा.

पिंजरा बदलायचा म्हणजे नेमके काय करायचे?

दोन डेगूंसाठी साधारण एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि एक मीटर उंच हा ढोबळमानाने किमान आकार मानला जातो. पण नुसता मोठा आकार पुरत नाही. रिकामा मोठा पिंजरा म्हणजे मोठा आखाडा. हरलेल्याला नजरेआड होता येते का, ही खरी कसोटी.

त्यासाठी करायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक घरट्याला आणि बोगद्याला दोन तोंडे असावीत. एकाच दाराचे घर म्हणजे सापळा. आत शिरलेल्याला बाहेरचा डेगू दारातच कोंडतो. प्रत्येक वस्तू डेगूंच्या संख्येपेक्षा एकने जास्त ठेवावी. दोन डेगू असतील तर तीन घरटी, पाण्याच्या दोन-तीन बाटल्या वेगवेगळ्या टोकांना. चाक पायऱ्यापायऱ्यांचे नसावे, सपाट पृष्ठभागाचे असावे, साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचे, आणि तेही दोन. दाणे वाडग्यात न देता पिंजराभर विखरून द्यावेत. सुके गवत दोन-तीन ठिकाणी भरपूर ठेवावे. मध्ये पुठ्ठ्याचे, फांद्यांचे, लाकडी फळ्यांचे आडोसे करावेत, म्हणजे एका टोकाकडून दुसरे टोक सरळ दिसणार नाही. प्लास्टिक टाळावे, कारण डेगू ते कुरतडून गिळतो.

साफसफाई टप्प्याटप्प्याने करावी. एका वेळी अर्धा भुसा बदलावा, जुन्यातला थोडा नव्यात मिसळावा, तीव्र वासाची फवारणी टाळावी. उन्हाचा पिंजरा थेट खिडकीत नको. चिलीतला डेगू दुपारच्या उन्हात बिळात जातो. तापलेल्या पिंजऱ्यात अडकलेला डेगू चिडतो आणि उष्माघाताने मरूही शकतो.

पुन्हा एकत्र आणण्याची पद्धत काय?

घाई न करणे, ही पद्धतीची पहिली अट. जखमा पूर्ण भरेपर्यंत काहीच करू नये. त्यानंतर दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवावेत किंवा मोठ्या पिंजऱ्यात मध्ये जाळीचा पडदा बसवावा. जाळी दुहेरी असावी आणि दोन जाळ्यांमध्ये काही सेंटीमीटरचे अंतर असावे, नाहीतर जाळीतून पायाची बोटे आणि नाके चावली जातात.

मग दोघांच्या जागांची अदलाबदल सुरू करावी. आज 'अ' ज्या बाजूला झोपला, उद्या तिथे 'ब'. दोघांनाही बारीक वाळूत लोळायला आवडते. वाळूचे तेच भांडे आलटून पालटून द्यावे, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याच्या अंगावर जातो. याला एक आठवडा लागेल, कदाचित तीन लागतील. जाळीपाशी येऊन चावण्याचा प्रयत्न थांबला, दोघे जाळीच्या दोन्ही बाजूंना पाठ टेकून झोपू लागले, की पुढचे पाऊल.

पहिली भेट दोघांपैकी कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या जागी व्हावी. कोरडा बाथटब, पत्र्या-पुठ्ठ्याने आडोसा केलेली जमीन, असे काहीही चालेल. भेट पाच-दहा मिनिटांची, टॉवेल हाताशी आणि संपूर्ण वेळ माणूस समोर. ढकलाढकली, चढणे, किंचाळणे झाले तर होऊ द्यावे. चेंडूसारखी लोळण सुरू झाली, तर थांबवून दोन दिवस मागे जावे. भेटी हळूहळू वाढवाव्यात. दोघे एकमेकांचे केस साफ करू लागले किंवा एकत्र झोपले, की नव्याने मांडलेल्या पिंजऱ्यात दोघांना एकाच वेळी सोडावे, सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल.

दोनपेक्षा जास्त डेगू असतील, तर कोणाला वेगळे करायचे, हाही विचार लागतो. बहुतेक जण मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. तो जितका जास्त काळ बाहेर राहील, तितका परका होत जातो. शक्य असेल तिथे त्याच्यासोबत शांत स्वभावाचा एखादा डेगूही वेगळा काढावा. परतताना दोघे असले, की कोंडी सुटणे सोपे जाते.

नसबंदीने प्रश्न सुटतो का?

नर आणि मादी एकत्र असतील, तर नसबंदीचा विचार करावाच लागतो. डेगूची गर्भधारणा सुमारे ९० दिवसांची असते, एका वेळी पाच-सहा पिल्ले होणे सामान्य आहे आणि व्यायल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात पिंजऱ्याची वस्ती हाताबाहेर जाते आणि गर्दी हे भांडणाचे आणखी एक कारण ठरते. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहतो, हे विसरू नये.

पण दोन नरांचे भांडण मिटवण्यासाठी फक्त नसबंदीवर भिस्त ठेवणे धोक्याचे. सवय झालेला वैरभाव त्याने जाईलच, असे नाही. एवढ्याशा प्राण्याला भूल देण्यात जोखीम असते आणि या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक सगळीकडे मिळत नाही. जागा बदलून, वेळ देऊन पाहिल्यानंतरचा हा उपाय आहे.

समेट झालाच नाही, तर?

काही जोड्या जुळत नाहीत. महिना-दोन महिने प्रयत्न करूनही प्रत्येक भेटीत रक्त येत असेल, तर हट्ट सोडावा. पण तेव्हाही पर्याय फक्त एकांताचा नसतो. शेजारी शेजारी पिंजरे ठेवून दोघांना वास, आवाज आणि नजर यांची सोबत देता येते. किंवा प्रत्येकाला वेगळा, जुळणारा जोडीदार मिळवून देता येतो. त्याचा खर्च, जागा आणि कष्ट दुप्पट असतात. म्हणून हा हिशोब डेगू घरी आणण्याआधी करायला हवा. ज्या घरात दुसऱ्या पिंजऱ्याला जागा नाही, त्या घरात पहिल्या पिंजऱ्यालाही जागा नाही, असे म्हणणे कठोर वाटेल. पण त्या प्राण्याच्या बाजूने पाहिले, तर ते रास्त आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यातून काय घ्यावे?

डेगू पाहिलाही नसेल, अशा अनेक घरांत हॅमस्टर असतो. तिथे चूक बरोबर उलटी होते. मोठा सीरियन हॅमस्टर हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. वयात आल्यावर तो जोडीदार सहन करत नाही. तरीही 'एकटा बिचारा कंटाळेल' म्हणून जोडी घेतली जाते आणि काही आठवड्यांनी एक जण मेलेला सापडतो. गिनीपिगला मात्र सोबत हवीच असते. एका प्राण्याला दया म्हणून दिलेली सोबत दुसऱ्यासाठी मृत्यूदंड ठरते. दिसायला तिघेही 'गोंडस उंदीर', गरजा मात्र पूर्ण वेगळ्या.

आपल्याकडे प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यानुसार दुकानाची नोंदणी बंधनकारक आहे. पण पिंजरा विकत घेणाऱ्या ग्राहकाला 'हा प्राणी सोबतीने राहतो की एकटा, आणि जमले नाही तर दुसरा पिंजरा लागेल' हे एक वाक्य सांगायला कोणत्याही नियमाची वाट पाहण्याची गरज नाही. ते वाक्य विचारणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. तसेच ज्या देशात आपण राहतो, तिथे तो प्राणी पाळायला परवानगी आहे का, हेही आधी पाहावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात डेगू पाळण्यास मनाई आहे.

राहता राहिला त्या रडवेल्या मुलाचा प्रश्न : यातला वाईट कोण? त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. दोघेही वाईट नाहीत. दोघांनी तेच केले, जे चिलीच्या माळावर त्यांच्या आजोबा-पणजोबांनी केले. एकाने हाकलले, दुसरा पळाला. पळणाऱ्याला वाट नव्हती, आणि ती वाट ठेवणे हे पिंजरा आणणाऱ्या माणसाचे काम होते. ते अजूनही करता येते. आजच संध्याकाळी, पुठ्ठ्याचे खोके घेऊन, त्याला दोन दारे कापून.